हृदयासाठी म्हणून विकले जाणारे डार्क चॉकलेट: राजारामपुरीतील एक दुकान, अमूलचे बार आणि पाटीवरचा दावा

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत हाताने बनवलेल्या चॉकलेटचे एक छोटे दुकान आहे, आणि त्याच्या काचेवर ‘डार्क चॉकलेट, हृदयासाठी उत्तम’ अशी ठळक मराठी पाटी लावलेली आहे. सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला येणाऱ्या आमच्या गटात या पाटीची चर्चा बरेच दिवस चालू होती. गटातील बहुतेक जणी पासष्ट ते पंच्याहत्तर या वयातल्या. कोणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, कोणाला कोलेस्टेरॉलची, आणि एकीच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे. पुण्याहून किंवा बंगळुरूहून सुटीला येणारी मुले-नातवंडे हल्ली पेढ्यांऐवजी डार्क चॉकलेट आणतात आणि ‘आजी, रोज एक तुकडा खात जा, हार्टला चांगलं असतं’ असे प्रेमाने बजावून जातात. त्या प्रेमाबद्दल शंका नाही. परंतु ज्या वयात प्रत्येक नवी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी लागते, त्या वयात औषध समजून खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थाचीही तेवढीच विचारपूस व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. म्हणून या दुकानातील माल, जोडीला किराणा दुकानात सहज मिळणारी अमूलची डार्क चॉकलेटे आणि त्या पाटीवरचा दावा, या तिन्हींचे परीक्षण येथे एकत्र केले आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या अशा दुकानांत सर्रास आढळतात आणि त्या एकाच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

दुकानात शिरताच समोर दिसतात ती सुटी, रंगीत कागदात गुंडाळलेली चॉकलेटे. बदाम, काजू, अंजीर, मनुका असे प्रकार आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ‘डार्क’ या नावाखाली विकले जातात. चवीला ती गोड लागतात, जिभेवर विरघळायला वेळ घेतात आणि गिळल्यानंतरही टाळूला मेणचट थर जाणवत राहतो. खोक्याच्या तळाशी छापलेला घटकांचा मजकूर भिंगाखाली धरून वाचला, तेव्हा त्याचे कारण कळले. पहिला घटक साखर, दुसरा हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट आणि तिसरा कोको पावडर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे या चॉकलेटमध्ये सर्वाधिक साखर, तिच्या खालोखाल वनस्पती तूप आणि त्याहून कमी कोको आहे, हे कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता समजते. केक आणि बिस्किटांच्या धंद्यात याला ‘कंपाउंड’ म्हणतात. घाऊक बाजारात त्याच्या लाद्या मिळतात, त्या वितळवून साच्यात ओतल्या की चॉकलेट तयार होते. कोकोच्या बियांतील चरबी, म्हणजे कोको बटर, महाग असते आणि ते नीट जमवायला तापमान सांभाळावे लागते. कंपाउंडला तो त्रास नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपांतील ट्रान्स फॅटवर, म्हणजे हायड्रोजनेशनमध्ये तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीवर, जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे पूर्वीइतका धोका राहिलेला नाही हे खरे. तरीही संपृक्त चरबी आणि साखर यांचा हा गोळा ‘हृदयासाठी उत्तम’ या पाटीखाली विकला जाणे मला अजिबात पटत नाही.

खरे चॉकलेट ओळखण्याचा एक सोपा मार्ग कोल्हापूरच्या उन्हाळ्यात आपोआप हाती येतो. कोको बटर साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली, वितळते; म्हणूनच चांगले चॉकलेट तोंडात ठेवताच पाघळते आणि एप्रिलच्या दुपारी पिशवीतून घरी नेईपर्यंत मऊ पडते. त्याच दुपारी जे चॉकलेट टेबलावर तासभर राहूनही कडक राहते, त्यात कोको बटरच्या जागी दुसरी चरबी असण्याचीच शक्यता जास्त. उलट, एकदा वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खऱ्या चॉकलेटवर पांढरट थर येतो, तो बुरशीचा नसून वर आलेल्या कोको बटरचा असतो. तसे चॉकलेट दिसायला बरे नसते, पण खराब झालेले नसते. आमच्या गटात एकीने ते टाकून दिले होते, म्हणून हे सांगितले.

सुट्या मालाची चव घेऊन दुकानाबद्दल मत बनवले असते तर मात्र त्या दुकानावर अन्याय झाला असता. आतल्या बाजूला, वातानुकूलित कपाटात, साध्या तपकिरी कागदातल्या ७० टक्के कोकोच्या सपाट वड्या ठेवलेल्या असतात आणि त्या मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही. घटक फक्त चार, कोको मास (म्हणजे दळलेल्या कोको बियांचा लगदा), साखर, कोको बटर आणि सोया लेसिथिन. तुकडा मोडताना टक् असा स्वच्छ आवाज येतो, आधी कडवटपणा, मग किंचित फळासारखी आंबूस चव आणि शेवटी रेंगाळणारा कोकोचा सुगंध. काउंटरवरच्या तरुण मुलीने विचारताच सांगितले, “काकी, हे आमी कोकोच्या बियांपासनं करत न्हाई, केरळातल्या कोकोची तयार लादी येतीया, आमी फक्त वितळवून साच्यात घालतो.” हा सरळपणा मला फार आवडला. भारतात कोकोची लागवड मुख्यतः केरळ, कर्नाटक, तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशात, नारळ आणि सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून होते. कर्नाटकातील पुत्तूर येथे कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. ऊस, दूध आणि सहकार यांवर वाढलेल्या आपल्या जिल्ह्यातील ग्राहकाला शेजारच्याच राज्यातील ही गोष्ट माहीत असायला हरकत नाही.

याच कपाटात गुळाचे डार्क चॉकलेटही आहे आणि कोल्हापुरात ते हातोहात खपते. तांत्रिक दृष्टीने ते कौतुकास्पद आहे, कारण वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा अंशही चालत नाही. गुळातील ओलाव्याने ते क्षणात गोळा होऊन रवाळ पडते. त्यामुळे गूळ पुरता सुकवून, बारीक दळून मगच मिसळावा लागतो, आणि या दुकानाने ते काम नीट साधले आहे. चव खमंग आहे. मात्र ‘गुळाचे आहे, मग मधुमेहाला चालेल’ असे काउंटरसमोर उभ्या असलेल्या एका बाईंनी म्हटले आणि त्यांना कोणी दुरुस्त केले नाही, हे मला खटकले. गूळ कितीही चांगला असला तरी त्यात मुख्यतः साखरच असते आणि रक्तातील साखर ती साखरेसारखीच वाढवते.

तुलनेसाठी अमूलची डार्क चॉकलेटे घेतली, कारण ती राजारामपुरीपासून गंगावेशीपर्यंत कुठल्याही बऱ्या किराणा दुकानात मिळतात आणि परदेशी बारांच्या मानाने किमतीला परवडतात. ५५ टक्क्यांचा बार बहुतेकांना माहीत आहे; तो गोडाकडे झुकणारा आहे आणि दुधाच्या चॉकलेटवरून डार्ककडे वळणाऱ्यांसाठी ठीक आहे. माझ्या मते ज्येष्ठ स्त्रीने घ्यावा तो ७५ टक्क्यांचा. कोको, कोको बटर, साखर आणि चॉकलेट एकजीव ठेवणारे इमल्सिफायर हे त्याचे मुख्य घटक, वनस्पती तुपाची भेसळ नाही, आणि शंभर ग्रॅममध्ये कोकोखेरीज जे उरते ते जास्तीत जास्त पंचवीस ग्रॅम, हा हिशेब वेष्टनावरच्या टक्केवारीवरून घरबसल्या मांडता येतो. राजारामपुरीतील ७० टक्क्यांच्या वडीइतका त्याचा सुगंध उलगडत नाही, पण रोजच्या वापराला तो पुरेसा चांगला आहे. ९९ टक्क्यांचा बारही मिळतो. तो खाण्यात शौर्य असेल, आनंद नाही. आमच्या गटातल्या बहुतेकींनी तो साखर घातलेल्या दुधात बुडवून संपवला, आणि मग त्याचा मूळ हेतूच राहिला नाही.

दुकानातील हॉट चॉकलेटबद्दल थोडक्यात सांगते. मोठा पेला, भरपूर म्हशीचे दूध, वर मलईचा थर आणि त्यावर चॉकलेटचा पाक. चव मुलांना आवडेल अशी. त्यांच्या कोको पावडरच्या डब्यावर मात्र ‘अल्कलीने प्रक्रिया केलेली’ असा उल्लेख होता, आणि तो महत्त्वाचा आहे. कोकोचा मूळ रंग फिकट तपकिरी आणि चव आंबट-कडवट असते. अल्कलीची प्रक्रिया केली की रंग गडद, जवळजवळ काळा होतो आणि चव सौम्य होते, पण ज्या फ्लॅव्हनॉल नावाच्या घटकांमुळे कोकोचे नाव हृदयाशी जोडले गेले, त्यांतील बराच भाग या प्रक्रियेत नष्ट होतो. म्हणजे अधिक काळे ते अधिक ‘डार्क’ आणि अधिक डार्क ते अधिक गुणकारी, ही समजूत मुळातच चुकीची आहे.

आता पाटीवरच्या दाव्याकडे वळते, कारण या दुकानातील माझ्या वयाची गिऱ्हाइके चवीपेक्षा त्या दाव्यासाठी पैसे मोजतात.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन घटते आणि त्याबरोबर रक्तवाहिन्यांना मिळणारे नैसर्गिक संरक्षणही कमी होते. वाईट समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढू लागते, धमन्यांची लवचिकता कमी होते आणि रक्तदाबाचा वरचा आकडा हळूहळू चढतो. चाळिशीत ज्या बाईला ‘तुमचा रक्तदाब अगदी छान’ असे सांगितले जाते, तिलाच साठीनंतर गोळी सुरू करावी लागते, ते काही अंशी यामुळेच. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते आणि त्यामुळे वाहिनी सैलावते, रुंदावते; वय वाढते तशी ही क्षमता मंदावते. कोकोतील फ्लॅव्हनॉल, विशेषतः एपिकॅटेचिन, या नायट्रिक ऑक्साइडला हातभार लावतात, हे प्रयोगांत दिसलेले आहे. या विषयाकडे लक्ष वेधले ते पनामाच्या किनाऱ्याजवळील बेटांवर राहणाऱ्या कुना लोकांमुळे. हार्वर्डमधील नॉर्मन होलेनबर्ग यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा बेटांवर राहणाऱ्या कुनांचा रक्तदाब वयाबरोबर फारसा वाढत नसल्याचे आणि शहरात स्थलांतर केलेल्यांचा मात्र वाढत असल्याचे आढळले. बेटांवरचे लोक दिवसभर कोकोचे पेय पीत असत, आणि तो कोको फारशी प्रक्रिया न केलेला होता. अर्थात त्यांचे खाणेपिणे, श्रम आणि एकूण जगणेही शहरापेक्षा वेगळे होते.

ज्येष्ठ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांपैकी पश्चिम ऑस्ट्रेलियातील अभ्यास सर्वांत जास्त सांगितला जातो. सत्तरी ओलांडलेल्या १,२१६ स्त्रियांचा साडेनऊ वर्षे मागोवा घेतला गेला आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून किमान एकदा चॉकलेट खाणाऱ्या स्त्रियांना धमन्यांच्या आजारामुळे रुग्णालयात जावे लागण्याचे किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण क्वचितच चॉकलेट खाणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. त्याच वर्षी स्वीडनमधील ४८ ते ८३ वयाच्या ३१,८२३ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय दुर्बळ होण्याचा धोका महिन्यातून एक ते तीन वेळा चॉकलेट खाणाऱ्यांत २६ टक्के आणि आठवड्यातून एक-दोनदा खाणाऱ्यांत ३२ टक्के कमी दिसला. परंतु रोज खाणाऱ्या स्त्रियांत असा कोणताही लाभ दिसला नाही. ६२ वर्षे आणि त्यापुढील स्त्रियांच्या एका वेळच्या चॉकलेटचे सरासरी वजन होते अवघे १९ ग्रॅम. ‘रोज एक तुकडा खात जा’ असे सांगणाऱ्या प्रत्येक नातवंडापर्यंत या दोन गोष्टी पोहोचायला हव्यात.

अमेरिकेतून मात्र वेगळे चित्र आले. रजोनिवृत्ती झालेल्या ८३,३१० स्त्रियांच्या, तेरा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात चॉकलेट खाण्याचा हृदयविकाराशी किंवा पक्षाघाताशी संबंध आढळला नाही. त्याआधी, २०१५ मध्ये, तशाच स्त्रियांच्या एका मोठ्या गटात वरचेवर चॉकलेट खाणाऱ्यांचे वजन तीन वर्षांत अधिक वाढल्याचे दिसले होते.

हे सर्व अभ्यास निरीक्षणाचे आहेत, आणि त्यांतील अडचण आमच्या फिरण्याच्या गटाकडे पाहिले तरी लक्षात येते. जिच्या हृदयात स्टेंट आहे तिने डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोड पूर्ण सोडले आहे, जिला मधुमेह आहे तीही चॉकलेटला हात लावत नाही. जी ठणठणीत आहे ती आनंदाने खाते. उद्या कोणी आमच्या नोंदी घेतल्या, तर चॉकलेट खाणाऱ्या बायका निरोगी आणि न खाणाऱ्या आजारी, असेच उत्तर निघेल. आजारामुळे चॉकलेट सुटले, की चॉकलेट न खाल्ल्यामुळे आजार जडला, हे निव्वळ निरीक्षणातून वेगळे काढणे अवघड असते.

म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून, एकाला कोको आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देऊन केलेला प्रयोग अधिक मोलाचा. असा मोठा प्रयोग कॉसमॉस या नावाने अमेरिकेत झाला. त्यात २१,४४२ ज्येष्ठांचा समावेश होता, त्यांपैकी १२,६६६ स्त्रिया ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या होत्या. त्यांना चॉकलेट दिलेले नव्हते. रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेला कोकोचा अर्क कॅप्सूलमधून दिला जात होता. साधारण साडेतीन वर्षांनंतर, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या एकूण घटनांत १० टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारी नव्हती; हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंत मात्र २७ टक्के घट आढळली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाला मार्स या चॉकलेट कंपनीच्या समूहाकडून आर्थिक साहाय्य होते, हेही वाचकाला माहीत असावे. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण ते तोलताना ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुख्य प्रश्नाचे उत्तर निश्चित न मिळालेला आणि दुय्यम उत्तर आशादायक निघालेला प्रयोग, असे मी त्याचे वर्णन करीन.

रक्तदाबाबद्दलही असेच आहे. वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ३५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात फ्लॅव्हनॉलयुक्त कोकोमुळे रक्तदाब सरासरी सुमारे १.८ मिलिमीटरने उतरला. ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त होता त्यांच्यात ही घट अधिक, सुमारे ४ मिलिमीटर होती. दिलेल्या फ्लॅव्हनॉलची सरासरी रोज ६७० मिलिग्रॅम होती आणि प्रयोग काही आठवड्यांचेच होते. दुकानातल्या किंवा किराण्यातल्या कुठल्याही बारवर फ्लॅव्हनॉल किती हे छापलेले मला सापडले नाही, आणि कोकोच्या टक्केवारीवरून ते काढता येत नाही, कारण बिया आंबवण्यात, भाजण्यात आणि अल्कलीच्या प्रक्रियेत ते कमी-जास्त होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये हृदयविकाराविषयीचा मर्यादित दावा करण्यास परवानगी दिली ती किमान ४ टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या कोको पावडरसाठी, पुरावा अत्यंत मर्यादित असल्याचे वेष्टनावर लिहिण्याच्या अटीवर. नेहमीच्या चॉकलेटला ती परवानगी लागू नाही. म्हणजे राजारामपुरीतल्या त्या काचेवर जे लिहिले आहे, ते एवढे अभ्यास झाल्यावरही इतक्या ठामपणे कोणाला लिहिता येत नाही.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगते. रोजच्या आहारातील मीठ साडेचार ग्रॅमच्या आसपास कमी केल्यास रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ४ मिलिमीटरच्या आसपास उतरतो, असे कॉक्रेनच्याच २०१३ च्या आढाव्यात आढळले होते. आपल्याकडे जेवणात ठेचा, लोणचे, पापड आणि भडंग एकाच दिवशी येऊ शकतात आणि रस्सा वरून मीठ टाकून खाण्याची सवयही घरोघरी आहे. चॉकलेटवर शेकडो रुपये खर्च करणाऱ्या घरात मिठाच्या बरणीकडे कोणी पाहत नाही, याचे मला वाईट वाटते. घरच्या बाईने सर्वांत शेवटी जेवायचे आणि उरलेली खारट आमटी, शिळी चटणी संपवायची, ही रीतही अजून पुरती गेलेली नाही.

मग घ्यावे की नाही? मी घेते, आणि घ्यावे असेच सांगीन, पण गोड पदार्थ म्हणून. ७० ते ८५ टक्क्यांच्या चॉकलेटच्या २० ग्रॅम तुकड्यात साधारण १२० कॅलरी, पाच ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी आणि पाच ग्रॅम साखर असते. दुपारच्या जेवणानंतरच्या पेढ्याच्या किंवा बर्फीच्या जागी तो खाल्ला तर तो सौदा फायद्याचा आहे. पेढा खाऊन वर ‘हृदयासाठी’ म्हणून चॉकलेट खाल्ले तर तोट्याचा. आठवड्यातून दोन-तीनदा एवढे माझ्या मते पुरे. ज्यांना मूतखड्याचा त्रास झालेला आहे त्यांनी कोकोतील ऑक्झलेटमुळे, आणि ज्यांची मूत्रपिंडे दुर्बळ आहेत त्यांनी पोटॅशियममुळे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय डार्क चॉकलेटची सवय लावू नये. आम्लपित्त असणाऱ्यांच्या छातीत जळजळ वाढू शकते, आणि कोकोत थोडे कॅफीनही असते, म्हणून झोपेची तक्रार असलेल्यांनी रात्री टाळावे. ‘शुगर फ्री’ बारांत बहुधा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. त्याने पोट फुगते, जुलाब होऊ शकतात आणि रक्तातील साखरही काही प्रमाणात वाढतेच. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चॉकलेटच्या भरवशावर कमी करणे तर सरळ धोक्याचे आहे, आणि आमच्या गटात एकीच्या मनात तो विचार आला होता, म्हणून हे ठासून लिहीत आहे.

आणखी एक बाब, जी दुकानदार कधी सांगणार नाहीत. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०२२ मध्ये डार्क चॉकलेटचे २८ बार तपासले, तेव्हा त्या सर्वांत शिसे आणि कॅडमियम सापडले आणि त्यांपैकी २३ बार रोज फक्त एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, खाल्ले तरी त्यांनी मानलेली सुरक्षित मर्यादा ओलांडत होते. कॅडमियम झाड जमिनीतून शोषून घेते, तर शिसे बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून बसते. हे धातू कोकोच्या घन भागात असतात, त्यामुळे कोकोची टक्केवारी जितकी जास्त तितका त्यांचा अंश जास्त असण्याची शक्यता. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण ९९ टक्क्यांचा बार रोज खाण्याला हा आणखी एक आक्षेप आहे, आणि एकाच कंपनीचे चॉकलेट सतत खाण्याऐवजी आलटून पालटून खावे हेही त्यातून निघते.

दुकानाला माझे गुण असे. ७० टक्क्यांच्या साध्या वडीला पैकीच्या पैकी, गुळाच्या चॉकलेटला कारागिरीसाठी चांगले, सुट्या ‘डार्क’ मालाला नापास. काउंटरवरच्या मुलीला घटकांचा मजकूर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापण्याची सूचना केली, कारण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना इंग्रजीतील तीळभर अक्षरे वाचणे शक्य नसते आणि अशा दुकानात ‘हृदयासाठी’ म्हणून येणारी गिऱ्हाइके नेमकी त्याच वयाची असतात. पाटी काढण्याबद्दलही बोलले. तिने मालकांना सांगते म्हटले आहे. हे लिहीपर्यंत पाटी होती तिथेच होती. वडी घ्यायला जाणाऱ्यांनी कपाटातल्या तपकिरी कागदातली ७० टक्क्यांची स्पष्टपणे मागावी आणि उन्हाळ्यात सकाळी किंवा दिवे लागल्यानंतर जावे. दुकानाला रस्त्यापासून तीन उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारावी, ती मुलगी वडी बाहेर आणून देते आणि सुटे पैसेही तिथेच परत करते.